दोन बोटं लाल दोरा

लिफ्टमध्ये काहीही चिकटवायला परवानगी नाही. माणसं किती, वजन किती आणि मध्येच अडकलात तर फोन कुणाला करायचा, एवढंच आतल्या भिंतीवर असावं असा नियम आहे, आणि तो पाळला जातो की नाही हे बघायचा मला पगार मिळतो. त्यामुळे त्या सकाळी अकरा मजली इमारतीतल्या दोन नंबरच्या लिफ्टमध्ये मागच्या भिंतीवर कागद दिसला तेव्हा मी सवयीने नख घालून त्याचा कोपरा उचलला. कागद निम्मा सुटून हातात आला आणि मग मला दिसलं की फोटोतली बाई माझी आई आहे. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : वय त्रेसष्ट, पहिलीच उडी, विमानातून, दहा हजार फुटांवरून. आणि त्याखाली बारीक अक्षरांत, अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाणाऱ्या नर्सच्या गाडीसाठी मदत करा. पायाखालची जमीन सरकली असं मी म्हणणार नाही, कारण माझ्या पायाखालची जमीन दिवसातून चाळीस वेळा सरकते आणि तिने किती वेगाने सरकावं हे मीच तपासतो. पण कागद मी पुन्हा पहिल्यापासून वाचला. पाचव्या मजल्यावर आत आलेली एक बाई म्हणाली, "अहो, काढू नका ना. आमच्या टेलरबाई आहेत त्या. या वयात काय हिंमत बघा." मी म्हणालो, "नियम आहे." ती माझी आई आहे, एवढं म्हणायला काय हरकत होती? पण तोंड उघडलं नाही. कागदाची घडी करून खिशात टाकली, आणि मग दिवसभर, वर मशीनरूममध्ये दोर तपासताना, खाली खड्ड्यात उतरून लिफ्टचा धक्का झेलणाऱ्या बफरमध्ये तेल आहे का बघताना, ती घडी मांडीला टोचत राहिली.

एकोणीस वर्षं मी एकाच गोष्टीचा विचार करत आलोय, की वर गेलेली वस्तू खाली कशी येते. चांगल्या रीतीने आली तर कुणी माझी आठवण काढत नाही. प्रत्येक लिफ्टच्या माथ्यावर वेगावर नजर ठेवणारं एक चाक असतं. लिफ्ट प्रमाणाबाहेर सुटली की ते तिला जागच्या जागी पकडतं. त्या चाकाच्या स्क्रूमधून मी तार ओवतो, टोकाला शिशाचा मणी अडकवतो आणि पकडीने दाबून सील करतो. ते सील तुटलेलं दिसलं की लिफ्ट बंद. कुणी तोडलं, का तोडलं, चाक ठीक आहे की नाही, हे प्रश्न नंतरचे. आधी बंद. लोक जिने चढतात आणि मला शिव्या घालतात. मला त्याचं काही वाटत नाही. बायको म्हणते की मी जेवायला बसतानासुद्धा खुर्ची हलवून बघतो, आणि ते खरं आहे.

संध्याकाळी आईकडे गेलो. तळमजल्यावरची तिची खोली, दोन मशीनं, भिंतीला लावलेले कागदी नमुने, गळ्यात मोजायची टेप आणि शेजारीच दोरीला लटकवलेलं धागे कापायचं कटर. हे कटर तिच्या गळ्यातून फक्त अंघोळीपुरतं उतरतं. कुणाच्याही अंगावर लोंबणारा धागा तिला बघवत नाही. बँकेतल्या कॅशियरच्या कॉलरवरचा, बसमध्ये पुढे बसलेल्या अनोळखी बाईच्या खांद्यावरचा, कुठलाही. सहा वर्षांपूर्वी वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा डॉक्टर आम्हा दोघांना बाजूला घेऊन त्यांच्याबद्दल सांगत होते, आता उजवी बाजू परत यायची नाही, आणि आईने मान हलवत हलवत त्यांच्या बाहीवरचा धागा कच्चकन कापला. डॉक्टर बोलायचे थांबले. आई म्हणाली, "ऐकतेय मी. बोला तुम्ही."

"हे काय आहे?" मी घडी उलगडून तिच्यासमोर धरली.

तिच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या तिने एकेक करून टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचल्या आणि चष्म्यावरून कागदाकडे बघितलं. "का काढलास? वाकडा लावला होता का?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू नको म्हणाला असतास."

"आताही नकोच म्हणतोय."

"म्हण की. फॉर्म गेलाय." फॉर्म माझ्या बायकोने भरला होता. जवळच्या नातेवाइकाची सही, तीसुद्धा तिचीच. सूनबाई आणि सासूबाई महिनाभर माझ्या नाकासमोर हे शिजवत होत्या. नंतर मी बायकोला विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तुला कळलं असतं तर तू विमान तपासायला गेला असतास."

मी आईला म्हणालो की पैसेच हवेत ना, मग नुसते माग की. तुझी गिऱ्हाइकं तुला नाही म्हणणार नाहीत. त्यासाठी या वयात आकाशातून पडायची काय गरज? तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी ती उलट्या बाजूने शिवलेल्या खिशाकडे बघते. "शिवून दिल्याशिवाय मी आयुष्यात कुणाचा पैसा घेतलेला नाही. आता फुकट मागू? उडी मारीन, मग घेईन." "आणि भीती?" "वाटते की! लोकांना सांगितलंय मी तसं. अरे, भीती वाटते म्हणून तर देतायत. न घाबरणाऱ्या माणसाने उडी मारली तर त्यात काम कसलं?" आणि तिने टाचण्या परत ओठांत धरल्या, म्हणजे विषय संपला.

मी संपवला नव्हता. पुढचे तीन आठवडे माझ्या डोक्यात ती पडत होती. कामावर, बसमध्ये, दात घासताना. मध्येच वडील यायचे. चार वर्षं ते त्याच खोलीत, मशीनच्या पलीकडे खाटेवर होते. त्या चार वर्षांत आई कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेली नाही. दर दोन तासांनी त्यांना कूस बदलून द्यायची, आणि दोन कुशींच्या मध्ये एक बाही, एक कॉलर, एक पायजमा. वडिलांना उठवून शर्ट घालणं जमेना तेव्हा तिने पाठीमागून उघडणारा शर्ट शिवला. पाठीवर नुसते बंद. पण वडील आयुष्यभर टापटिपीने राहिलेला माणूस. त्यांना भेटायला कुणी आलं तर पुढून नीट दिसावं म्हणून तिने छातीवर बटणं लावली. ती बटणं कधीच उघडायची नव्हती, तरी तिने प्रत्येकाला हाताने काजं केली. मी म्हणालो, "उगाच कशाला? कुणाला दिसतंय?" ती म्हणाली, "त्यांना माहीत असतं." तो शर्ट बघून गाडीतून येणारी सिस्टर खुळावली. तिने नमुना मागितला, आणि मग आईने तिच्या दुसऱ्या रुग्णांसाठी असे शर्ट शिवले, ते किती याचा हिशेब आईने ठेवला नाही. मी काय केलं? मी रविवारी यायचो आणि खाटेच्या चाकांचे ब्रेक तपासायचो. दर रविवारी. ब्रेक उत्तम होते. सिस्टर मंगळवारी आणि शुक्रवारी यायची. एका शुक्रवारी गाडी रस्त्यात बंद पडली आणि ती आली नाही. पडून पडून वडिलांच्या पाठीवर झालेली जखम मंगळवारपर्यंत हाडाला टेकली. त्यानंतर ते सात आठवडे होते. आईने त्या शुक्रवारबद्दल कधी कुणाला बोल लावला नाही, सिस्टरला तर नाहीच. फक्त आता, दोन वर्षांनी, ती गाडी अगदीच मोडकळीला आली असं कळल्यावर तिने विमानातून उडी मारायचं ठरवलं. हे सगळं मला कळत होतं. कळत असूनही मला ती उडी नको होती. मला आई जमिनीवर हवी होती, आणि तेवढ्यासाठी बाकीच्यांचे शुक्रवार चुकले तरी चालेल असं मनाच्या तळाशी कुठेतरी मी ठरवून टाकलं होतं. हे वाचायला वाईट वाटत असेल. मलाही लिहायला बरं वाटत नाही.

उडीच्या दिवशी हवा स्वच्छ होती. मी सकाळी उठून आधी खिडकीतून ढग शोधले, एकही नव्हता. शहराबाहेरचा छोटा विमानतळ, एक धावपट्टी, तिच्या कडेला पत्र्याची लांब शेड. सिस्टर आधीच आली होती, बसने, कारण गाडी पुन्हा गॅरेजमध्ये होती. शेडमध्ये दोन लांबलचक टेबलं होती आणि त्यातल्या एकावर पन्नाशीची एक बाई पॅराशूटची घडी घालत होती. घालत होती म्हणजे अक्षरशः त्या कापडावर आडवी होऊन, छातीने आणि कोपरांनी त्यातली हवा बाहेर ढकलत होती. हवा गेली की गुडघ्याने दाबून धरायची, एक पट्टा ओढायचा, पुन्हा आडवी. तिच्या मनगटाला दोऱ्यांचे जुने वळ होते. आई दाराशीच थबकली. उडी, विमान, सगळं विसरून ती त्या हातांकडे बघत राहिली. मग जवळ जाऊन म्हणाली, "कापड बोटांत धरून बघू का जरा?"

"हात स्वच्छ आहेत?" बाईने वर न बघता विचारलं.

आईने दोन्ही हात उलटेसुलटे करून दाखवले. बाईने मान हलवली. आईने चिमटीत कापड धरलं, चुरगळलं, सोडलं, कानाशी नेऊन त्याचा आवाज ऐकला. मग त्या दोघींचं जे सुरू झालं त्यात मला जागा नव्हती. शिवण दुहेरी का, पट्ट्याला चौकटीत फुली मारून शिवलंय ते किती वेळा, सुई कितीची. बाईने सांगितलं की अकरा वर्षं ती घड्या घालतेय. प्रत्येक घडीच्या कार्डावर तिची सही असते, आणि तिची घडी वर गेली की ती हातातलं काम टाकून शेडबाहेर येते आणि उघडेपर्यंत बघत उभी राहते. "प्रत्येक?" आईने विचारलं. "प्रत्येक," बाई म्हणाली. आईने तिच्याकडे बघितलं त्या नजरेचा मला हेवा वाटला. मी एकोणीस वर्षं लिफ्ट तपासतोय, आईने माझ्या कामाकडे असं कधी बघितल्याचं मला आठवत नाही. पण खरं सांगायचं तर मीही सही करून निघून जातो. लिफ्ट वर जाताना बघत थांबत नाही.

मग कप्तान आला. तो कशाचा कप्तान होता हे कळलं नाही, पण सगळे त्याला तेच म्हणत. आई त्याच्याच छातीला बांधली जाणार होती. पॅराशूट त्याच्या पाठीवर, आणि आई पुढे. आवाज अगदी हळू, समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे. "आजी, पायांचं लक्षात ठेवायचं. उतरताना पाय वर, पुढे. उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही." "आजी म्हणू नका," आई म्हणाली, "अजून नातवंडं नाहीत," आणि माझ्याकडे बघितलं. तिला अंगावर घालायला शर्ट-पँट एकत्र शिवलेला एक झगा दिला. तो काखेत ओढतोय असं तिने लगेच सांगितलं. मग कप्तान म्हणाला की अंगावरचं सगळं सुटं काढून ठेवा, कानातलं, अंगठी, गळ्यात काय असेल ते, आणि तो हवेचा वेग बघायला बाहेर गेला. घड्या घालणारी बाई दुसऱ्या टेबलाशी गेली होती. सिस्टर आईच्या चष्म्याला दोरी बांधायला लागली. पहिल्या टेबलावर कप्तानच्या पाठीवर जायचं पॅराशूट तयार पडलं होतं, तपासणीसाठी वरचं झाकण उघडं टाकलेलं, आणि आम्ही तिघं त्याच्याशेजारी.

आईने गळ्यातलं कटर काढलं. काढलं, आणि ठेवायच्या आधी सहज तिची नजर टेबलावर गेली. झाकणाखालून एक लाल दोरा बाहेर आला होता, बारीक, दोन बोटं लांब, त्याच्या टोकाला काहीतरी करडं, एवढंसं. नव्या कपड्याला दुकानाची चिठ्ठी अडकवलेली असते तसं तिला वाटलं असावं. वाटलं असावं म्हणजे काय, काहीच वाटलं नसेल, हात आपोआप गेला. कच्च. दोरा दुसऱ्या चिमटीत घेऊन तिने टेबलाखालच्या टोपलीत टाकला, कटर माझ्या हातात दिलं आणि सिस्टरपुढे मान केली. दोन सेकंद लागले असतील. ते करडं काय होतं हे मी ओळखलं. माझ्याकडे तसे मणी पिशवीभर असतात. पहिलं पॅराशूट नाही उघडलं तर जे दुसरं उघडायचं, त्याच्या पिनेवरचं सील माझ्या आईने कापलं होतं.

आणि मी गप्प बसलो. हे मी नंतर स्वतःला बऱ्याच रीतीने समजावलं. पिन जागेवरच होती, धोका तसा काही नव्हता, कप्तान तपासल्याशिवाय पाठीवर घेणारच नाही, आणि तपासलं की आज उडी रद्द, आपण सगळे जेवायच्या वेळेला घरी. मला एक शब्दही खोटा बोलावा लागणार नव्हता. नुसतं उभं राहायचं होतं. माझा तळवा ओला झाला होता आणि त्यात ते कटर होतं. तपासलं नाही तर? तर विमानात बसायच्या आधी मी सांगेन. नक्की सांगेन? सांगेन. आयुष्यात पहिल्यांदा मी तुटलेल्या सीलसमोर उभा राहून खूश होतो. आई हसत होती, सिस्टरने दोरी फार घट्ट बांधली म्हणून. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते. ती किती घाबरली आहे हे तेव्हा मला दिसलं, आणि घाबरूनही तिचा पाय मागे येत नव्हता, हेही दिसलं. तरी मी तोंड उघडलं नाही.

कप्तान आला, झाकणाखाली बघितलं आणि ताठ झाला. "सील कुठाय?" आवाज आणखी हळू. त्याने खाली वाकून टोपली ओढली, वरच पडलेला लाल दोरा उचलला आणि घड्या घालणाऱ्या बाईला हाक मारली. ती आली, दोरा बघितला आणि तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

"तुमचं टेबल, तुमची टोपली."

"मी नाही तोडलं."

"मग कुणी? आपोआप टोपलीत गेलं?" उत्तराची वाट न बघता तो म्हणाला, "हात बाजूला घ्या. आज तुमची एकही घडी वर जाणार नाही. कार्ड माझ्याकडे द्या. पुढचं उद्या बघू." तिने कार्डाची वही दिली. दिली, आणि हातांचं काय करावं हे न कळून ते कामाच्या झग्याला पुसत राहिली. मी हे सगळं बघत होतो. तोंडात आलेलं वाक्य दातांमागे तसंच होतं. आई सिस्टरला विचारत होती, "काय झालं? काय तुटलंय?" सिस्टरने शेडमधल्या एकाला विचारून सांगितलं की तो लाल दोरा म्हणजे मोहोर असते, ती तुटली की पॅराशूट बाद. आईने कप्तानच्या चिमटीतल्या दोऱ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या कटरकडे. मग माझ्या तोंडाकडे. मी मान खाली घातली.

"अहो, तो मी कापला," आई म्हणाली.

कप्तान वळला. "तुम्ही?"

"लोंबत होता." शेडमध्ये कुणीतरी हसू दाबलं. आई हसली नाही. ती कप्तानला ओलांडून त्या बाईपुढे जाऊन उभी राहिली आणि तिचे दोन्ही हात धरले. "चाळीस वर्षं हेच करतेय मी. दोरा दिसला की कापायचा. दुसऱ्याच्या कामाला विचारल्याशिवाय हात लावला, माझं चुकलं. तुमच्यावर बालंट आलं. माफ करा मला." बाईने मान हलवली. आई कप्तानकडे वळली. "यांची वही यांना द्या आधी." आणि कप्तानने, का कुणास ठाऊक, वही आधी दिली आणि मग राग केला. तो म्हणाला की ही गंमत नाही, हे पॅराशूट उलगडून पुन्हा बांधून मोहोर लावायला दिवस जाईल, आज काही होणार नाही, पुढच्या महिन्यात बघू. आई म्हणाली, "ज्यांनी शब्द दिलाय त्यांना काय सांगू?" आणि तिचा आवाज पहिल्यांदा कापला. मला सुटल्यासारखं व्हायला हवं होतं. झालं नाही.

तेव्हा ती बाई बोलली. "दुसरं आहे. कपाटात. सकाळीच घडी घातलीय, मोहोर आहे. माझीच घडी आहे ती." शेवटचं वाक्य ती कप्तानकडे बघून बोलली. आई म्हणाली, "यांच्या हातची असेल तर मला चालेल." कप्तानने दोघींकडे पाळीपाळीने बघितलं आणि म्हणाला, "तपासायला तासभर लागेल." "बसते की," आई म्हणाली.

शेडबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. ऊन पाठीवर होतं. झगा घातलेली आई बुटकी दिसत होती. धावपट्टीकडे बघत ती म्हणाली, "तुला माहीत होतं ना, ते काय आहे?"

"हो."

"मान खाली घातलीस तेव्हा कळलं." रागावली असती तर बरं झालं असतं. "एवढा घाबरलायस?"

"हो." आणि मग मी विचारून टाकलं, "तू पण गेलीस तर काय करू मी?"

तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच दिला. "घाबर की. मी पण घाबरलेय. त्याचं काही नाही." मग, तसाच पाठीवर हात असताना, "पण त्या बाईची भाकरी गेली असती. तू बघत उभा होतास. ते मला नाही आवडलं." मग ती म्हणाली, "मी येईपर्यंत तिला सांगून टाक." "आई, आता सगळं मिटलंय..." "तिच्यापुरतं मिटलंय," ती म्हणाली. कप्तानने हाक मारली. ती उठली, दोनदा खोल श्वास घेतला आणि विमानाकडे चालायला लागली, तिच्या नेहमीच्या चालीने, जरा उजवीकडे झुकून, चाळीस वर्षं उजवा पाय मशीनच्या पेडलवर असल्यामुळे जी पडली आहे त्या चालीने. दारात तिचा पाय अडखळला. मला वाटलं, येईल परत. ती आत गेली. इतका अभिमान मला कुणाचा कधी वाटला नव्हता, आणि इतकी भीतीही.

विमान वर चढायला वीस मिनिटं घेतं. ती वीस मिनिटं मी शेडच्या दारात घालवली. घड्या घालणारी बाई आत टेबलाशी होती, चार पावलांवर. मी एकदा आत गेलो, पाणी प्यालो, बाहेर आलो. सिस्टर कपाळावर हात धरून आकाशात बघत होती. मी स्वतःशी वाक्यं जुळवत होतो. दुसऱ्यांच्या चुका लिहिताना मला कधी शब्द कमी पडत नाहीत; आढळले, दिसून आले, निष्काळजीपणा. ते सगळे शब्द मला पाठ आहेत. विमानाचा आवाज बदलला, हळू झाला, आणि ती बाई हातातलं काम टाकून बाहेर आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. वर एक ठिपका सुटला. म्हणजे आई. मी एका दमात म्हणून टाकलं, "आईने सील कापलं तेव्हा मी शेजारी होतो. मला माहीत होतं ते काय आहे ते, माझं कामच सीलचं आहे. उडी रद्द व्हावी म्हणून गप्प बसलो. तुमच्यावर आलं तरी गप्प बसलो."

ती वर बघत होती. तिने हात आडवा करून मला थांबवलं. "थांबा. आधी उघडू दे."

ठिपका पडत होता. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. तिचे ओठ हलत होते, ती मोजत होती, आणि मीही नकळत तिच्या ओठांकडे बघून मोजायला लागलो. मग वर काहीतरी फडफडलं, लांब झालं आणि एकदम पसरलं, पिवळं आणि पांढरं, आणि ठिपका त्याखाली लटकून सावकाश झुलू लागला. बाईने श्वास सोडला. चौकोन नीट आहे, दोऱ्यांना पीळ नाही, हे डोळे बारीक करून तिने बघून घेतलं आणि मग माझ्याकडे वळली. "हं. आता सांगा. काय म्हणत होतात?"

मला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं. आता आई सुखरूप होती, त्यामुळे पहिल्या वेळी होती तेवढीही सबब नव्हती. शांत आवाजात, तिच्या डोळ्यांत बघून, एकेक वाक्य. तिने पूर्ण ऐकून घेतलं. झग्याच्या खिशातली वही चाचपली. "अकरा वर्षं," ती म्हणाली. मग म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत. माफ मात्र आज नाही करत." "बरोबर आहे," मी म्हणालो. "जा आता, उतरतायत त्या."

मी धावलो. गवतात मी याआधी शेवटचा कधी धावलो होतो ते आठवत नाही. आई पाय पुढे करून, कप्तानसकट, ढुंगणावर घसरत आली आणि थांबली. कप्तानने पट्टे सोडवले, तिला शाबासकी दिली आणि कापड गोळा करायला गेला. ती तशीच बसून राहिली, पाय लांब करून, केस विस्कटलेले, गाल लाल, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तोंडभर हसू. चार वर्षं त्या खोलीतून न हललेली माझी आई दहा हजार फुटांवरून खाली आली होती. काय दिसलं, कसं वाटलं, हे सगळं विचारायला मी तोंड उघडलं, पण तिनेच आधी विचारलं.

"सांगितलंस?"

"सांगितलं. दोनदा."

तिने माझा चेहरा नीट बघितला, खात्री करून घेतली आणि मग हात वर केला. "मग ओढ मला. पाय थरथरतायत, उठवत नाहीये."

मी तिचा हात धरला, ओढायला जोर लावला, आणि माझेच गुडघे वाकले. मी तिच्याशेजारी गवतात बसलो.